श्रावण संपल्यानंतर

श्रावण पाळणं सोपं असतं, हे न पाळणाऱ्यांना सांगून पटत नाही. गटारीच्या रविवारी मटण आणि दारू पोटभर झाली, की दुसऱ्या दिवसापासून सगळं आपसूक थांबतं. कोणी आग्रह करत नाही, कोणी कारण विचारत नाही. बसणाऱ्यांपैकी निम्मे आपल्यासारखेच कोरडे असतात आणि उरलेले निम्मे आपल्यासमोर ग्लास उचलताना जरा ओशाळतात. आमच्या नेहमीच्या परमिट रूममधले वेटर याच महिन्यात गावी जाऊन येतात. शिवाय सुटकेची तारीख कॅलेंडरात छापलेलीच असते. मी पंचविशीपासून श्रावण पाळत आलो आहे. त्याच्या जोरावर 'मला काही सवय नाही, मनात आणलं की बंद' हे स्वतःला आणि बायकोलाही ऐकवत आलो आहे. बायकोने ते कधी खोडून काढलं नाही. ती फक्त विचारायची, "मग भाद्रपदात का नाही आणत मनात?"

२०२३ साली या सोप्या गोष्टीत अधिक मासाने गोंधळ घातला. आषाढ अमावास्या १७ जुलैला होती, सोमवारी. दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण, आणि निज श्रावण थेट १७ ऑगस्टपासून. मग पाळायचा कुठला? आमच्या ग्रुपवर यावर जेवढी चर्चा झाली तेवढी सोसायटीच्या पाणीप्रश्नावर कधी झाली नसेल. माझ्या साडूंचं म्हणणं, अधिक महिना हा धोंड्याचा महिना, त्यात जावयाला बोलावून अनारसे द्यायचे असतात, आणि जावयाला कोरडं ठेवायचं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला, कारण ग्रुपातले सगळेच कोणाचे ना कोणाचे जावई. त्यामुळे आमच्यात दोन गटाऱ्या झाल्या. दुसरीच्या तोंडावर नेमका १५ ऑगस्टचा ड्राय डे आला, म्हणून १४ तारखेला संध्याकाळी वाइन शॉपसमोर रांग लागली. त्या रांगेत मी नव्हतो. मी अधिकापासूनच धरला होता, आणि मधल्या काळात कंपनीची वार्षिक तपासणी होऊन गेली होती.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मोजमाप हे माझं पोटापाण्याचं काम. रिपोर्टवर 'ग्रेड टू फॅटी लिव्हर', ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट, लिव्हरच्या जीजीटी नावाच्या आकड्याखाली जाड रेघ. डॉक्टरांनी विचारलं, "घेता का?"

"कधीतरी."

हे उत्तर त्यांनी इतकं ऐकलेलं असावं, की मान वर न करता त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "आठवड्याचं सांगा. काय आणि किती."

शुक्रवारी बैठकीत तीन लार्ज. रविवारी मटणाबरोबर बिअर, स्ट्राँग, दोन बाटल्या. बुधवारी-बिधवारी घरी दोन पेग, तेही कामाचा ताण असला तर. बिअर मी जरा हळू आवाजात सांगितली, कारण आमच्याकडे बिअर दारूत धरत नाहीत. डॉक्टरांनी तिथेच बोट ठेवलं. आपल्याकडच्या रम-व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ६० मिलिच्या लार्जमध्ये पावणेसव्वीस मिलि निव्वळ अल्कोहोल, वजनात २० ग्रॅम. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची, बाटली ६५० मिलिची, म्हणजे ५२ मिलि, वजनात ४१ ग्रॅम. 'हलकं म्हणून' घेतलेली रविवारची एक बाटली दोन लार्जना पुरून उरते. दोन बाटल्या म्हणजे चार लार्ज, तेही भरदुपारी. माझी आठवड्याची बेरीज १८० ग्रॅमच्या वर गेली. वीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरूनही ही बेरीज मी कधी केलेली नव्हती.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले, त्यांचा रोख मला नंतर कळला. सकाळी हात थरथरतात का? उठल्या उठल्या लागते का? दोन्हींना नाही म्हटल्यावर ते निवांत झाले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. अशा माणसाने घरच्या घरी शूरपणा करायचा नसतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते. माझं तसं नव्हतं. "श्रावण चालू आहे ना तुमचा?" ते म्हणाले. "तोच पुढे चालू ठेवा. दिवाळीनंतर पुन्हा रक्त बघू."

किती चालेल, असंही मी विचारून पाहिलं. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी जानेवारीत सांगितलं होतं. डॉक्टरांनी तेच ऐकवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

शरीराचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तो फारसा अवघड गेला नाही. सुरुवातीला झोप बिघडली. दारू झोप पटकन लावते आणि पहाटेकडे तीच तोडते, हे तोवर माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. पहाटे तीनला जाग येणं हा मी वयाचा भाग समजत होतो. ती जाग काही आठवड्यांनी गेली आणि तिच्या जागी स्वप्नं आली, लांबलचक, माणसांनी गच्च भरलेली. दुसरं म्हणजे गोड. मी कधी गोडाचा माणूस नव्हतो, पण त्या दिवसांत रात्री जेवणानंतर पेढ्याचा पुडा शोधायचो. अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून सात कॅलरी मिळतात, म्हणजे तीन लार्जमधून चारशेच्या वर. शरीराला ती आवक ठाऊक होती, ती बंद झाल्यावर ते दुसऱ्या दारी गेलं.

अवघड भाग श्रावण संपल्यावर सुरू झाला.

निज श्रावण १५ सप्टेंबरला संपला आणि १९ ला गणपती. मधला शनिवार-रविवार लोकांनी अक्षरशः लुटला. मी घरी गणपतीच्या तयारीचं कारण काढलं. मग गणपतीचे दिवस, घरात बाप्पा, तेव्हा प्रश्नच नाही. २८ ला विसर्जन, पुढच्या सोमवारी २ ऑक्टोबरचा ड्राय डे. मधे अखंड मोकळे दिवस आणि साडूंचा फोन: "काय मग, बसायचं ना?"

मी गेलो. मित्र सोडायचे नव्हते, दारू सोडायची होती. टेबलावर बसल्या बसल्या वेटरला लाइम सोडा सांगितला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणालो. त्यानंतर कळलं की टेबलावर सगळेच डॉक्टर होते. रम गरम पडते, लिव्हरला उलट चांगली. व्हिस्की सोड, व्होडका घे, ती स्वच्छ असते. बिअरने मुतखडा पडतो, माझ्या मामाचा पडला. एक जण म्हणाला, लिव्हर हा एकच अवयव परत वाढतो, मग भीती कसली? हे सगळं प्रेमाने चाललं होतं, म्हणूनच त्याला तोंड देणं जड होतं. कोणी शत्रुत्वाने पाजत असेल तर माणूस उठून जाईल.

काउंटरच्या मागे भिंतीवर परवाने फ्रेम करून लावले होते. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि कायद्याने पिणाऱ्याकडे परमिट असावं लागतं. एका दिवसाचं पाच रुपयांना, आजन्म हजार रुपयांना. माझ्याकडे आजन्म परमिट आहे. पूर्वी एका बदलीच्या वेळी सामान घेऊन जाताना नाक्यावर कटकट नको म्हणून काढलं होतं. आमच्या टेबलावर ते बाळगणारा मी एकटा. हे परमिट आरोग्य राखण्यासाठी विदेशी मद्याची गरज आहे, या आधारावर मिळतं. म्हणजे माझ्या पाकिटात सरकारचा कागद होता, की या माणसाला तब्येतीसाठी दारू लागते. न पिण्याचा कागद मात्र कुठेच मिळत नव्हता, आणि टेबलावर सगळे नेमका तोच मागत होते.

कारणांचा बाजार मी त्या दोन महिन्यांत चांगला अभ्यासला. 'अँटिबायोटिक चालू आहे' हे सर्वोत्तम, पण पाच-सात दिवसच पुरतं. 'आज मंगळवार' चालतं, गुरुवार चालतो, संकष्टी चालते. 'गाडी चालवायचीय' हे पूर्वी हसण्यावारी जायचं. दंड दहा हजारांवर गेल्यापासून त्याला मान आहे. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलात की गुन्हा. पण त्या कारणाची किंमत अशी, की मग सगळ्यांना घरी सोडायचं काम तुमच्याकडे येतं. गंगापूर रोड, इंदिरानगर, शेवटचा नाशिकरोडला, आणि तो दर वेळी उतरताना दारातच अर्धा तास मन मोकळं करणारा. 'बायको रागावते' हे चालत नाही, त्यावर हशा होतो. आणि 'नकोय' हे तर कारणच नाही. माणूस शुद्धीत, निरोगी, उपास नाही, गाडी नाही, आणि तरी नको म्हणतो, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय किंवा स्वतःला शहाणा समजतोय.

सासऱ्यांनी या सगळ्यावर एका वाक्यात तोडगा दिला. ते वारकरी, सिन्नर तालुक्यातल्या गावचे, गळ्यात तुळशीची माळ. पितृपक्षात जेवायला गेलो होतो. मुलीकडून त्यांना सगळं कळलं असणार. हात धुताना म्हणाले, "जावईबापू, माळ घाला. कोणी विचारणार नाही."

खरं बोलत होते. माळकऱ्याला कोणी आग्रह करत नाही. त्याच्यासमोर बाटली उघडायलाही लोक कचरतात. त्यांच्या गावात चार-पाच जण माळ घालून दारूतून कायमचे बाहेर आलेत, त्यातला एक तर हातभट्टीवरच दिवस काढायचा. एकदा माळ पडली की सगळं गाव त्या माणसाची राखण करतं. त्याने पाऊल वाकडं टाकलं तर दुकानदारच हटकतो. मला यापेक्षा चांगली व्यवस्था ठाऊक नाही. पण मी नाही म्हणालो. माळ घालणारा एकादशी करतो, वारीला जातो, मांस सोडतो. मला रविवारचं मटण हवं होतं, हरिपाठाचं अवाक्षर येत नव्हतं. साडूंच्या आग्रहातून सुटण्यासाठी विठोबाला मध्ये घालणं माझ्याच्याने होईना. त्यांना तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हेही बरोबर." एवढ्या वर्षांत सासऱ्यांनी मला बरोबर म्हटल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

खंडेनवमीला कंपनीत मशिनांची पूजा झाली आणि रात्री एका व्हेंडरने हॉटेलात पार्टी दिली. तिथे ओळखी कमी होत्या, त्यामुळे सोपं गेलं. उंच ग्लासात लाइम सोडा, वर बर्फ, मीठ जास्त. लांबून जिनसारखा दिसतो. हाताला थंड ग्लास लागतो आणि तो रिकामा दिसता कामा नये, बाकी कोणाला काही पडलेलं नसतं, हे मी तिथे शिकलो. झीरो झीरो बिअर करून पाहिली. तिला उकडलेल्या धान्याचा वास येतो, पैसे खऱ्या बिअरच्या आसपास लागतात, आणि दोन घोटांनंतर आपण कोणाची फसवणूक करतोय असा प्रश्न पडतो. त्यापेक्षा कोकम सरबतात सोडा घालावा, जिरेपूड, काळं मीठ. घरी मी तेच घ्यायला लागलो. मटणाबरोबर सोलकढी. ताक मात्र संध्याकाळी नाही, त्याने दुपार झाल्यासारखं वाटतं.

आणि रम? रमची आठवण येते, ते नाकारत नाही. आवडीचा विचाराल तर माझं मत पहिल्यापासून पक्कं आहे. आपल्याकडची बरीचशी व्हिस्की मळीच्या स्पिरिटमध्ये थोडी माल्ट मिसळून केलेली असते, युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही. आपण मात्र तिच्या बाटलीवरचे स्कॉटिश डोंगर बघत बसतो. रम मळीची असते आणि मळीचीच म्हणवते. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाने रम प्यावी, यात काही लाजायचं नाही. ओल्ड मंक, गरम पाणी, एक लवंग, आणि बाहेर निफाडकडून आलेली थंडी. नाशिकचा असूनही वाइन मला कधी जमली नाही. वाइनरीत पाहुण्यांना नेऊन आणण्यापुरताच माझा तिच्याशी संबंध.

सगळ्यात कठीण संध्याकाळ १९ नोव्हेंबरची. वर्ल्ड कपची फायनल. सलग दहा सामने जिंकून आलेला आपला संघ, साडूंच्या गच्चीवर पडदा लावलेला, दुपारपासून बर्फाच्या पिशव्या आलेल्या. मॅच होती दारूबंदीच्या गुजरातमध्ये आणि त्याची भरपाई नाशिकमध्ये चाललेली. आपले २४० झाले, पहिल्या काही षटकांत ऑस्ट्रेलियाचे तीन गेले, गच्ची नाचली, आणि मग ट्रॅव्हिस हेड खेळत राहिला. हळूहळू पराभव दिसायला लागला. बाकीच्यांकडे त्यावर उपाय होता. पहिल्या तासात सगळे रोहितच्या शॉटवर बोलत होते. तिसऱ्या तासातही त्याच शॉटवर, त्याच शब्दांत बोलत होते, आणि दर वेळी ऐकणाऱ्याला ते नवीन वाटत होतं. मी एकटा पूर्ण शुद्धीत हरत होतो. कोणीतरी न विचारता माझ्यापुढे भरलेला ग्लास ठेवला. मी तो बराच वेळ बघितला. वास नाकापर्यंत येत होता. मग लघवीचं निमित्त करून खाली उतरलो आणि साडूंच्या सोसायटीभोवती चकरा मारत राहिलो. खाली आणखी एक माणूस तसाच फिरत होता, कानाला फोन, कोणाला तरी सांगत होता की टीव्ही बंद केला. वर आलो तेव्हा माझा ग्लास कोणीतरी संपवला होता.

दिवाळीनंतरच्या रिपोर्टमध्ये जीजीटी मर्यादेत आला, ट्रायग्लिसराइड मर्यादेच्या किंचित वर राहिले, सोनोग्राफीत ग्रेड वन. डॉक्टर म्हणाले छान, चालू ठेवा. बायको रिपोर्ट दोनदा वाचून म्हणाली, "पेढे बंद करा आता." ३१ डिसेंबर सहज गेला. मी आजन्म काही ठरवलेलं नाही, शपथ घेतलेली नाही, अजून दारूही घेतलेली नाही. कोणी विचारलं तर एवढंच सांगतो.

वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्यात काँट्री सारखी निघते, बिल भागिले माणसं. मी लाइम सोडा पिऊन तेवढेच भरत होतो, आणि वर चखणा संपवतो म्हणून ऐकून घेत होतो. चखणा मी खात होतो हे खरं आहे. शुद्धीतल्या माणसाला भूक लागते. नव्या वर्षातल्या एका शुक्रवारी बिल आलं आणि मी म्हणालो, यात दारूचे किती ते बघा. साडूंना ते फार लागलं. मैत्रीत हिशेब आणतोस का, म्हणाले. मैत्रीत भागाकार चालतो, मग वजाबाकी का नको, असं मी म्हणालो. दोन आठवडे फोन नाही. बायका-बायकांमध्ये निरोप गेले. शेवटी ठरलं, दारूचं बिल वेगळं, जेवणाचं वेगळं. मोबाइलवर पैसे पाठवायची सोय असल्याने अवघड काहीच नव्हतं.

हा नियम झाल्यावर पहिल्या काही शुक्रवारी जेवणाच्याच बिलात असणारा मी एकटा होतो. मग होळीच्या आसपास साडू बसल्या बसल्या वेटरला म्हणाले, मला पण लाइम सोडा, खारा. सगळ्यांनी विचारलं काय झालं. "अँटिबायोटिक चालू आहे," ते म्हणाले, "दाढेचं." त्यांची पुढच्याही शुक्रवारी दाढ दुखत होती, त्याच्याही पुढच्या. मेव्हणीकडून कळलं की दाढेला काहीच झालेलं नाही, तपासणी झालीय, त्यांच्या रिपोर्टवरही जाड रेघ आहे. मी टेबलावर काही बोललो नाही. दाढदुखी ओसरल्यावर काय सांगायचं, हे मात्र त्यांनी अजून ठरवलेलं नाही. परवा मला बाजूला घेऊन विचारत होते, रूट कॅनॉलला साधारण किती दिवस लागतात?